पुठ्ठा

सुभाषनगरातल्या आमच्या खोलीत
आधी कातड्याचा वास येतो, मग माणूस दिसतो.
बापानं शिकवलं : रापी अशी धर,
आरी स्वतःकडं येऊ देऊ नको,
आणि तळाच्या दोन थरांच्या मधी
जे घालशील ते तुझं तुलाच ठाऊक.

शेवटचं त्यानं इशारा म्हणून सांगितलं होतं.
मी सोय म्हणून ऐकलं.

बारा वर्षं मी मधी पुठ्ठा घातला.
साबणाच्या खोक्यांचा, टीव्हीच्या खोक्यांचा,
एकदा तर संडे स्कूलच्या टाकून दिलेल्या तक्त्यांचा,
ज्यावर मेंढपाळ होता, त्याच्या खांद्यावर कोकरू.
वरनं वेणी, कान, लाल गोंडा,
आणि आत विंचू, चालताना करकर वाजावी म्हणून.
गिऱ्हाईक आवाजावरच खूश.

दर रविवारी मीही करकरत चर्चात शिरायचो.
पहिल्या बाकापर्यंत कळायचं, शांतवन आवळे आला.
प्रार्थनेला उभा राहिलो की
हे दयाळू, हे कनवाळू, हे सर्वसमर्थ,
हे आकाश आणि पृथ्वीच्या उत्पन्नकर्त्या...
तोही पुठ्ठाच. नुसती जाडी वाढवायला.

सालोमीबाई बिरंजे, सीपीआरमधनं निवृत्त झालेल्या सिस्टर,
माझ्याकडून जोड घेऊन गेल्या. घासाघीस नाही.
एका गुरुवारी व्हीनस कॉर्नरला पाणी तुंबलं,
त्यातनं त्या चालत घरी गेल्या.

मला हे कुणी सांगितलं नाही.
रविवारी प्रभुभोजनाला त्या माझ्या पुढं होत्या.
गुडघे टेकले आणि तळ माझ्याकडं झाले.
सुतळीनं बांधलेला तळ. उललेला.
आतनं वाळलेला लगदा,
आणि लगद्यात, पुसट,
एक कोकरू.

भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

त्याच आठवड्यात पतसंस्थेत माझं कर्ज मंजूर झालं.
जामीनदाराच्या रकान्यात सही : सा. बिरंजे.
मी तारीख तीनदा वाचली.
बुधवारची असती तर सुटलो असतो.
सही शनिवारची होती.

जोडाचे पैसे घेऊन गेलो, वर पाचशे जास्त.
त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या.
"ठेव खिशात. माफी विकत घ्यायला आलास व्हय?"
मग मी काय करू, बाई?
त्यांनी एक खडा बाजूला टाकला.
"जोड नीट कर."
तुमचा?
"माझा झाला. पुढच्याचा."

पुठ्ठ्याचा ढीग मी बंबात घातला.
चार दिवस पोरांना कढत पाण्याची आंघोळ मिळाली.
अकरा गिऱ्हाइकं शोधून काढली, नवे जोड दिले.
एकानं घेतला आणि दारातच शिव्या घातल्या. बरोबर घातल्या.
बाकीचे पुण्याला गेले, गोव्याला गेले,
कुणाकुणाच्या पायाखाली
माझं खोटं अजून भिजतंय.
ते मी कसं गोळा करू?
ते ज्यानं गोळा केलं
त्याच्यापुढं नुसता बसतो.

चप्पल लाईनीतला दुकानदार म्हणतो,
"शांत्या, वजन वाढलंय, भाव वाढलाय,
आत कोण बघतंय रं?"
मी हसतो. त्याला उपदेश करायला जीभ उचलत नाही,
ती पुष्कळ वर्षं फुकट वळवळली.
आता दिवसाला दोन जोड कमी निघतात.
बायकोनं दुधाचा रतीब अर्ध्यावर आणला,
बोलली काही नाही, भांडं जरा जोरात ठेवलं.

माझ्या चपलेत आता विंचू नाही.
चर्चात गेलेलं कुणाला कळत नाही,
कधी कधी मलासुद्धा.

आणि महिनाअखेर आली, हप्ता आला,
की हात आपोआप त्या कोपऱ्याकडं जातो.
जिथं ढीग होता तिथं भिंतीला
अजून चौकोनी डाग आहे.
तेव्हा लांबलचक प्रार्थना सुचत नाही.
"बघ," एवढंच म्हणतो.
आणि म्हशीच्या कातड्यावर
रापी लावतो.